हौसाआक्काच्या चोळीचं माप

सांगलीच्या शिवणवर्गात मी पहिली आले होते. वर्गात आम्ही चौघी. त्यातल्या दोघींची परीक्षेआधी लग्नं झाली आणि तिसरीच्या मशीनचा पट्टा ऐन परीक्षेत तुटला. तरी प्रमाणपत्रावर ‘प्रथम’ असं लफ्फेदार अक्षरात लिहिलेलं होतं, आणि लग्न होऊन म्हसवडला आले तेव्हा ट्रंकेत सगळ्यांत वर ते होतं, साड्या त्याच्याखाली. दुकानात माझ्या मशीनच्या वर खिळा ठोकून ते टांगलं. येणाऱ्या बाईनं आधी ते वाचावं, मग कापड पुढं करावं, अशी माझी अपेक्षा. निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं, मग मीच वाचून दाखवायची. आज ती तेवीस वर्षांची पोरगी माझ्यासमोर आली, तर मी तिला काजं-बटणं करायला बसवीन आणि वर्षभर कात्रीला हात लावू देणार नाही.

दुकान बाजारपेठेतून सिद्धनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. दोन मशिनी. एका बाजूला आमचे हे, पुरुषांचे सदरे, विजारी आणि पलटणीतून सुटून आलेल्यांचे कोट. दुसऱ्या बाजूला मी, बायकांच्या चोळ्या आणि झंपर. मधे एक पडदा. आमचे हे अबोल माणूस. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांच्या तोंडून मी जे काही ऐकलं, त्यात निम्मे आकडे होते.

त्याला कारण धंदा. माप घेणाऱ्याचे दोन्ही हात टेपात अडकलेले असतात. म्हणून एकानं घ्यायचं आणि मोठ्यानं पुकारायचं, दुसऱ्यानं मापवहीत लिहायचं. ह्यांचं गिऱ्हाईक असलं की हे पुकारत, मी लिही. माझं असलं की मी पडद्याआडून पुकारी, हे लिहीत. “छाती छत्तीस, पाठ चौदा, दंड अकरा.” दंड म्हणजे खांद्याखाली हाताचा घेर. चोळी तिथंच काचते किंवा तिथंच लोंबते, म्हणून ते माप महत्त्वाचं. दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसांना सगळ्या गावाचे घेर पाठ असायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. भाजीचा भाव पुकारतात तसंच ते.

तर माझा शोध. खण म्हणजे एका चोळीपुरतं कापड, त्यात चूक करायला जागा नसते. तरण्या बायकांना मी नीट मापायची. म्हाताऱ्या बायका आल्या की मात्र मला वेळ नसायचा. मग मी खाकी कागदाचा एक साचा कापून ठेवला. साठी उलटली की सगळ्या बायका एकाच मापाच्या होतात, असा माझा सिद्धांत होता. आजी आली की टेप न उचलता मी म्हणायची, “ठेवा आजी खण, समजलं मला.” गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या वर्षभर एकाच मापाच्या चोळ्या घालून हिंडत होत्या आणि मी माझ्या चलाखीवर खूश होते.

हौसाआक्कानं तो साचा मोडला. पलटणीतून सुटून आलेल्या हवालदार बापूरावांची ही आई. पासष्टीची बाई, पण दंड असे की एका हातानं मोट ओढावी. तिची चोळी मी साच्यावर शिवून दिली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली आणि चोळी माझ्या मशीनवर टाकली.

“ही कुणाची गं?”

“तुमचीच की आक्का.”

“माजी न्हाई. हितं माजा अंगठाच तेवढा जातुया.”

मी सांगलीच्या तोऱ्यात सांगितलं, “वयस्कर बायकांचं माप असंच असतं आक्का. आम्हाला वर्गात शिकवलंय.” शिकवलं नव्हतं.

“तुज्या सासूचा दंड आन माजा दंड येकच हाय व्हय?” हौसाआक्का म्हणाली. “येकीकडं सनईची नळी, येकीकडं ढोल. आन तुज्या कागदात दोगी मावत्यात?”

पलीकडच्या मशीनवरून आमचे हे हसल्याचा आवाज आला. ते हसतात हे मला त्या दिवशी कळलं. मी टेप घेतला, माप घेतलं, पुकारलं. “दंड तेरा.” ह्यांनी लिहिलं. साचा चुलीत गेला. तिथून पुढं मी प्रत्येक म्हातारीचं माप घ्यायला लागले, पण चांगुलपणानं नव्हे. पुन्हा कुणी चोळी तोंडावर टाकू नये म्हणून.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमचा माण तालुका तसाही पावसाला पारखा, त्यात ते साल. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं, तिथं मिळणारी सुकडी खाऊन राहिलं. चोळ्या शिवायला कोण येणार? आलं ते जुन्या चोळ्या आत घ्यायला. मापवहीत सगळ्यांचे आकडे उतरले. माझासुद्धा दंड दीड इंच उतरला. हौसाआक्काचा साडेदहावर आला. पुढं पाऊस झाला, जोंधळा आला, हळूहळू माणसं भरायला लागली. ती मापवही बघताना मजा वाटायची. अकरा, साडेअकरा, बारा. पीकपाणी चावडीवर बघायची गरज नव्हती, माझ्या वहीत दिसायचं.

दुष्काळाला तीन वर्षं होऊन गेली असतील. हवालदारांची बायको कमळ एक खण आणि एक जुनी चोळी घेऊन आली. “आत्याबाईंना यायला जमत न्हाई वैनी, ह्या मापानं शिवा.” मापाला जुनी चोळी द्यायची रीत आहेच. मी शिवून दिली.

मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघाला. त्या गर्दीत मला हौसाआक्का दिसली. माझी चोळी तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखी लोंबत होती. मी खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो बाईचा नव्हे. आला तो असा, की एवढ्या यात्रेत लोक म्हणणार, सांगलीवालीला कापायला येत नाही. मी तिला हाताला धरून दुकानात आणलं, पडद्यामागं नेलं आणि माप घेतलं.

दंड नऊ.

मी पुन्हा टेप लावला. नऊच. सगळं गाव भरलं होतं आणि दुष्काळात होती त्याहून ही बाई खाली गेली होती.

“आजारी होता का आक्का?”

“न्हाई गं. बापू म्हन्तो, वय झालं.”

आता शहाण्या माणसानं विचारलं असतं, आक्का, जेवता काय? मी विचारलं नाही. मला उत्तर आधीच माहीत होतं. म्हातारी वाळली म्हणजे सून उपाशी मारते, दुसरं काय असणार? आणि हवालदारांवर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून आईचे पाय दाबणारा लेक साऱ्या पेठेनं बघितलेला. बायका आपल्या पोरांना त्यांचं उदाहरण द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी नळावर कमळ भेटली. चार बायका ऐकतील एवढ्या आवाजात मी म्हणाले, “काहींच्या घरात भाकरी बाहेरच्या कुत्र्याला मिळते, पण सासूला मिळत नाही.” कमळ हंडा अर्धाच भरून निघून गेली. मला वाटलं, लागलं बरोब्बर.

दुपारी ती दुकानात आली. पडदा ओढला, खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “वैनी, भाकरी मी थापते. पर दुरडी फडताळात असती, आन फडताळाची किल्ली ह्येंच्या करदोड्याला.”

मग तिनं सांगितलं ते असं. हवालदारांची मावशी एका लग्नात पुरणपोळी जेवली आणि त्याच दिवशी गेली. तेव्हापासून हवालदारांनी मनात घेतलं, की म्हाताऱ्या माणसाला अन्न सोसत नाही. पलटणीत कुणा मोठ्या साहेबाचा बाप म्हणे एक वेळ जेवून नव्वदीपर्यंत जगला होता. झालं. आईला सकाळी बिनदुधाचा चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि हुलग्याचं पातळ माडगं, संध्याकाळी काही नाही. कमळनं एकदा शेंगदाण्याचा लाडू सासूच्या उशाला लपवला, तो सापडला. तेव्हापासून रोज सकाळी आईचं अंथरूण झटकून तपासणी.

“मारत न्हाईत, शिव्या देत न्हाईत,” कमळ म्हणाली. “पाय दाबत्यात, डोक्याला त्याल लावत्यात. फकस्त खायला देत न्हाईत. आन म्या कायी बोलले, तर म्हन्त्यात, तुला माजी आई मारायची हाय का?”

मी तिची माफी मागितली असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणाले, “मग आधी सांगायचंस.” इतकी हुशार होते मी.

पण ठरवलं, की हवालदारांना समजावून यायचं. गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि पाऊण तास माणसाचं आतडं कसं असतं ते समजावलं. साठीनंतर ते ताग्यातल्या जुन्या कापडासारखं विरतं, जास्त ताण दिला की टरकतं, असं त्यांनी मुद्दाम मला कळेल अशा भाषेत सांगितलं. हौसाआक्का तिथंच भिंतीला टेकून बसली होती. आम्ही दोघं तिच्या आतड्याविषयी बोलत होतो आणि तिच्याकडं दोघांनीही बघितलं नाही. कापडाचा दाखला मला इतका पटला, की निघताना मी म्हणाले, “बरोबर आहे हो हवालदार तुमचं.”

एवढ्यावर थांबले नाही. संध्याकाळी घरी माझ्या सासूबाई दुसऱ्या भाकरीला हात घालत होत्या. मी म्हणाले, “आत्याबाई, या वयात रात्री एकच बरी.”

सासूबाईंनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, खाल्ली आणि मग शांतपणे म्हणाल्या, “माज्या ताटाकडं बघितलंस तर तुजी मशीन हिरीत जाईल. परमानपत्रासकट.”

पाटावर बसूनच हे म्हणाले, “विहीर तीस फूट.” नवऱ्यानं मला आयुष्यात केलेला तो पहिला उपदेश.

त्या रात्रीच्या भाकरीनं माझी गुर्मी उतरली. माझ्या सासूबाई बोलू शकत होत्या, कारण दुरडी त्यांच्या हाताशी होती. हौसाआक्काच्या हाताशी काय होतं? आणि मी काय करू शकत होते? डॉक्टर नव्हते, पंच नव्हते. माझ्याकडं एक टेप होता आणि एक मोठ्यानं बोलणारा नवरा, तोही आकड्यांपुरता.

जानेवारीत संधी चालून आली. सव्वीस तारखेला शाळेत झेंडा फडकवायचा मान बापूराव हवालदारांना मिळाला. त्यांचा पलटणीतला कोट निघाला, आणि बटणं काही लागेनात. कोट ढिला करायला ते येणार असं कळल्याबरोबर मी कमळला निरोप धाडला, की आक्काची चोळी दुरुस्त करायची आहे, फिटिंगला माणूस पाहिजे, त्याच वेळी घेऊन ये.

झेंड्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या दुकानात निम्मी पलटण जमायची. कुणाला बटण, कुणाला बिल्ला. त्या दिवशी सुभेदार आण्णा बसले होते, हवालदारांपेक्षा वयानं आणि हुद्द्यानं मोठे. आणखी चार-पाच माजी सैनिक कट्ट्यावर. हवालदार छाती काढून उभे राहिले. ह्यांनी टेप लावला.

“छाती अडतीस. जुनी अडतीस.” मी लिहिलं. “पोट एकेचाळीस. जुनं चौतीस.”

कट्ट्यावरून कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात मी पडद्यामागं गेले. हौसाआक्का कमळबरोबर बसलीच होती. टेप लावला, आणि सगळा श्वास एकवटून पुकारलं, “दंड नऊ.”

रोजच्या पद्धतीत मी आकडा सांगायचा आणि ह्यांनी मुकाट लिहायचा. जुना आकडा पुकारायची बायकांच्या बाजूला रीत नव्हती. मी ह्यांना आधी काही सांगितलंही नव्हतं. पण पडद्यापलीकडून ह्यांचा आवाज आला, पेठेच्या टोकापर्यंत जाईल असा.

“दंड नऊ. जुना तेरा. दुष्काळात साडेदहा.”

मी पडदा बाजूला केला. एका बाजूला उघड्या कोटातून बाहेर आलेलं पोट, दुसऱ्या बाजूला हौसाआक्का.

सुभेदार आण्णांनी दोघांकडं बघितलं आणि म्हणाले, “हवालदार, रेशनचा ट्रक येकाच तंबूफुडं खाली हुतोय वाटतं.”

सगळे हसले. हवालदारांचा चेहरा कोटाच्या अस्तरासारखा लाल झाला. “आवं आण्णा, वय झालंय तिचं. तिला सोसत न्हाई. मी तिच्या भल्यासाटनं…”

“तिनं सांगितलं व्हय तुला, सोसत न्हाई म्हणून?”

हवालदार माझ्याकडं बघायला लागले. मागच्या खेपेला मी त्यांचं बरोबर आहे म्हणून आले होते ना. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की विचारलं तर मीही नव्हतं. मापं घेतली, नळावर बोलले, सुनेला धरलं, लेकाकडं गेले, आता अख्खी पलटण गोळा केली. बाई मात्र प्रत्येक वेळी समोरच होती.

मी म्हणाले, “आक्का, तुम्हीच सांगा.”

हौसाआक्कानं पदर सारखा केला. “आता सांगा म्हन्तीस? दोन वर्सं झाली. ह्यो म्हन्तो आईला सोसत न्हाई. तू म्हन्तीस सून छळती. नळावर सगळ्या माज्या पोटाचं बोलत्यात. पोट माज्यापाशी हाय, त्येला कुनीच इचारंना.”

“मग बोलायचं हुतंस आई,” हवालदार म्हणाले.

“काय बोलू रं? बहिन गेली तवापासनं तू रातचं तीनदा उटून माज्या नाकाफुडं हात धरून बघतुयास, मी हाय का गेले. म्हनलं, लेकरू भेलंय, न्हाई खाल्लं तर न्हाई खाल्लं. पर तुजं भ्या काय जाईना आन माजी भूक काय मरंना.”

हवालदारांनी मान खाली घातली.

सुभेदार आण्णा उठले. “बापू, पलटणीत तू कुनाआधी जेवला हुतास का कवा, हुद्द्यानं मोठं मानूस उपाशी ठिवून?”

“न्हाई आण्णा.”

“मग घरात मोटं कोन हाय?”

हवालदार करदोड्याची किल्ली सोडवायला लागले. गाठ घट्ट होती, पोटामुळं दिसतही नव्हती. शेवटी आमचे हे पुढं झाले आणि कात्रीनं करदोडा कापला. हौसाआक्कानं किल्ली घेतली, चोळीच्या गाठीला अडकवली आणि ह्यांना म्हणाली, “कोट ढिला करू नगंस. सव्वीस तारखेपतुर ह्येलाच घट्ट करते.”

सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला तेव्हा वरची दोन बटणं लागली होती. बाकीच्यांवर हात ठेवून हवालदारांनी सलामी दिली.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी म्हसवडला चोळ्या शिवल्या. म्हातारं माणूस आलं, की माप पुकारायच्या आधी पडदा ओढून त्यालाच विचारायचं, सकाळी काय खाल्लं, कोण वाढतं, हातावर हे काय लागलंय. दर वेळी काही निघायचं असं नाही. बऱ्याचदा सुनेच्या आमटीची तक्रार निघायची आणि तासभर चालायची. पण कधीकधी निघायचं. कट्ट्यावर पुकारायचं की गुपचूप सुभेदार आण्णांना सांगायचं, ते मग मी आणि हे मिळून ठरवायचो, आणि आता त्या माणसाला विचारून.

हौसाआक्काचा दंड पुढच्या दिवाळीला साडेअकरा भरला. त्याच्या वर तो कधी गेला नाही. ते दीड इंच मला अजून बोचतात. जुन्या चोळीवर माप न घेता तिला मी तेव्हाच बोलावून घेतलं असतं, तर कदाचित ते वाचले असते.

किल्ली मिळाल्यानंतरच्या रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं. कमळनं मटणाचा रस्सा केला होता, खरडा होता, बाजरीच्या भाकऱ्या होत्या. ताटं तीन. हौसाआक्काचं, माझं आणि कमळचं. हवालदार दाराला टेकून उभे होते, आणि आईच्या प्रत्येक घासाबरोबर त्यांचा स्वतःचा गळा हलत होता. इतके दिवस सवय मोडलेली, आक्काला भरभर खाता येत नव्हतं. घास तोंडात घोळवायची, पाणी प्यायची, मधेच रस्सा तिखट झालाय म्हणून कमळला बोलायची आणि पुन्हा वाटी पुढं करायची. माझं झालं, कमळचं झालं. तिची पहिली भाकरी अजून निम्मी होती.

“आई, बास कर आता,” न राहवून हवालदार म्हणाले. “तरास हुईल.”

हौसाआक्कानं मान वर केली. “बापू, खाली बस. माजं व्हायचंय अजून.”

हवालदार खाली बसले.